सोडा म्हणेपर्यंत

माझी वहिनी आयुष्यभर लोकांचे फोटो काढत आली. आधी बाहेरून काढायची, आता आतून काढते. बाहेरून आत जायला तिला जो काळ लागला, त्यात आमच्या घरातल्या प्रत्येकाचा श्वास कधी ना कधी अडकला. मी तिची नणंद. नणंद भावजयीबद्दल बोलायला लागली की लोक लगेच कान टवकारतात, आता काहीतरी खमंग मिळणार म्हणून. टवकारा बापडे. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण खोटं मी बोलत नाही.

दादाचा, म्हणजे माझ्या भावाचा, फोटो स्टुडिओ होता. दादा गल्ल्यावर बसून गप्पा मारायचा आणि फोटो वहिनी काढायची. पाटीवर नाव मात्र दादाचं. आत एक पांढरा पडदा, एक फिरतं स्टूल आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा, कारण लोक फोटो काढून झाला की कंगवा खिशात घालून चालू पडायचे. माणूस स्टुलावर टेकला की वहिनीचं सुरू व्हायचं. "हनुवटी जरा खाली. खांदे सरळ. आता हलू नका." मग फ्लॅश. फ्लॅश पडला की ताठ बसलेला माणूस आपोआप सैल व्हायचा, आत ओढलेलं पोट जागेवर यायचं, कुणी खोकायचं, कुणी विचारायचं, "डोळे मिटले का हो माझे?" 'झालं' असं वहिनीला कधी म्हणावंच लागलं नाही. ते काम फ्लॅश करायचा. एवढं लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ ह्यातूनच निघाला.

मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओ बसला. दादानं त्याच जागेत मोबाइलची कव्हरं विकायला सुरुवात केली. "ज्यानं दुकान गिळलं त्यालाच तू कपडे विकतोस," असं मी म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. वहिनी रिकामी झाली. लेक शिकायला बाहेरगावी गेलेली. रिकामी वहिनी म्हणजे सगळ्या घराच्या डोक्याला ताप. तिनं कपाटं अशी आवरली की कुणालाच काही सापडेना. मी समोरच्याच दारात राहते म्हणून माझीही कपाटं आवरून टाकली. माझा चष्मा अजून पुरता सापडलेला नाही, काच सापडली.

अशातच इस्पितळाच्या शाळेची जाहिरात आली. एक्स-रे तंत्रज्ञाचं शिक्षण, वयाची अट नाही. वहिनी म्हणाली, "फोटोच काढायचे ना? मग जमेल की."

आता आमच्या आईबद्दल सांगायला हवं. माझी आई, वहिनीची सासू. आईचं एक आहे. कुणी काही नवीन करायला निघालं की ती आधी नावं ठेवते, आणि त्यानं ते करून दाखवलं की म्हणते, "मग त्यात काय?" त्यामुळे आमच्या घरात कुणाला कौतुकाची सवयच नाही. जाहिरात बघून ती म्हणाली, "ह्या वयात दप्तर घेऊन जाणार? जा बाई. लोकांची तोंडं बघून झाली, आता हाडं बघ." वहिनी दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घालून आली.

तिथं शिकवायची पद्धत मला फार आवडली. किरणांचा खेळ म्हणजे गंमत नव्हे. फोटो चुकला की पुन्हा काढायचा, म्हणजे पेशंटला फुकट पुन्हा किरणं. म्हणून नवख्यांना जिवंत माणसाजवळ फिरकूच देत नाहीत. आधी संगणकावर सराव. मोठ्या पडद्यावर हुबेहूब एक्स-रेची खोली दिसते, टेबल, वर सरकणारं यंत्र, ज्यावर फोटो उमटतो ती पाटी, आणि एक खोटा पेशंट. माउसनं त्याला वळवायचं, झोपवायचं, उभं करायचं, यंत्र बरोबर समोर आणायचं, किरणं किती ते ठरवायचं आणि बटण दाबायचं. नीट जमलं तर फोटो येतो आणि गुण मिळतात. चुकलं तर सगळा पडदा लाल. वर्गातल्या पोरांनी त्या पेशंटचं नाव ठेवलं होतं जावई, कारण तो कितीही वेळ आडवा पडून राहायचा आणि त्याला कुणी काही बोलायचं नाही. शिकवणारे सर दर वाक्यात 'थोडंसं' म्हणायचे. थोडंसं डावीकडे, थोडंसं खाली. त्यांना सगळे थोडंसं-सर म्हणायचे. पाठीमागे अर्थात.

पहिल्या आठवड्यात वहिनी त्या जावयाशी बोलायची. "जरा इकडे वळता का? पाटी गार लागेल हं." पोरं हसून लोटपोट. "काकू, त्याला ऐकू येत नाही." आणि बोलण्याला गुण नव्हते, उलट वेळ जायचा. मग वहिनीनं बोलणं सोडलं आणि हात असा चालवला की ज्याचं नाव ते. गुडघा, मणका, मनगट, बघता बघता फडशा. महिन्याभरात फळ्यावर पहिलं नाव तिचं. पोरं तिच्या खुर्चीमागे उभी राहून बघायची. रात्री जेवताना ती सांगायची, "आज छातीचे सगळे फोटो एका फटक्यात." आई ताटात बघत म्हणायची, "पडद्यावरच्या माणसाची छाती. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?"

मला तेव्हा आईचा राग आला होता. पण म्हातारी अगदीच चुकली नव्हती. छातीचा फोटो काढताना फुप्फुसं पूर्ण फुगलेली हवीत, म्हणून पेशंटला मोठा श्वास घेऊन रोखायला सांगतात. जावयासाठी पडद्यावर एक बटण होतं, 'श्वास रोखा'. ते दाबायचं, फोटो काढायचा, की लगेच पुढचा पेशंट हजर. 'श्वास सोडा' असं बटणच नव्हतं. आधीचा जावई श्वास रोखलेला तसाच गायब व्हायचा, तो कुठं गेला हे कुणी विचारलं नाही.

परीक्षेला मात्र जिवंत माणूस. इस्पितळाच्या रांगेतून चिठ्ठी घेऊन आलेला पेशंट, एक परीक्षक बाई आणि वहिनी. तिच्या वाट्याला आले एक काका. उभं आयुष्य त्यांनी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेला. छाती ही अशी. वहिनीनं त्यांना पाटीला छाती लावून उभं केलं, हनुवटी वर ठेवली, हात कमरेवर, खांदे पुढं. सगळं चोख. मग ती किरणं अडवणाऱ्या काचेमागे गेली, म्हणाली, "मोठा श्वास घ्या. रोखा." बटण दाबलं. फोटो आला, आणि असा आला की थोडंसं-सर स्वतः पुढं झाले. वहिनी फोटोवर खूश, सर फोटोवर खूश. एक्स-रेला फ्लॅश नसतो. काकांना कसं कळणार की झालं? ते रोखून उभे. दुसरा कुणी असता तर कधीच धापा टाकायला लागला असता, पण हे ट्रम्पेटवाले. सांगितलंय ना रोखा, मग रोखलं. शेवटी परीक्षक बाई म्हणाल्या, "फोटो छान आहे. पेशंट परत द्यायचाय ना?" तेव्हा वहिनीनं वळून बघितलं. काकांचे कान जांभळे झाले होते. त्यांना खुर्चीवर बसवून पंखा लावावा लागला, आणि वहिनी नापास झाली.

ती घरी आली आणि बूटसुद्धा न काढता बाकावर बसली. "मला माणसं जमत नाहीत," म्हणाली. "पडद्यावरचीच जमतात." फेरपरीक्षा दीड महिन्यानं होती, आणि ती शेवटची. त्यात गेली की अख्खं वर्ष पुन्हा. इस्पितळात एक जागा रिकामी होती, तिथल्या एक्स-रे विभागाच्या बाईंनी वहिनीसाठी शब्द टाकून ठेवला होता, ती जागाही गेली असती. पण खरं सांगू का, जागेचं एवढं नव्हतं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा वहिनी रडली नव्हती. त्या दिवशी रडली, आणि रडता रडता म्हणाली की जन्मभर माणसं समोर बसवली, आणि माणूस गुदमरतोय हे मला दिसलं नाही.  मी चहा केला, तोही कडू झाला.

आई आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उद्यापासून ह्या घरात हिनं रोखा म्हटलं की सगळ्यांनी रोखायचं. आणि हिनं सोडा म्हटल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. श्वासही नाही आणि जागाही नाही."

दादा म्हणाला, "हिला आठवलंच नाही तर?"

"मग मर तसाच," आई म्हणाली.

पुढचे दिवस काय विचारता. कपाटाचं दार म्हणजे पाटी, टेबललॅम्प म्हणजे यंत्र, आणि स्वयंपाकघराच्या दाराची काच म्हणजे तंत्रज्ञाची काच. दादा दाढीचा फेस तोंडाला लावून दाराला छाती टेकून उभा, कामावर जायला उशीर होतोय, आणि वहिनी काचेमागे जाऊन भाजी ढवळतेय. मला तिनं एकदा असं उभं केलं आणि तेवढ्यात तिला फोन आला. मी हनुवटी वर करून उभी, गॅसवर दूध चढतंय, मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतंय, आणि आई खुर्चीवरून बोट नाचवतेय, खबरदार हललीस तर. दूध उतू गेलं. मी श्वास सोडला आणि अशी काही बोलले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. आई म्हणाली, "तू नापास." मी नापास. परीक्षा कुणाची आणि नापास कोण.

सगळ्यात अवघड पेशंट आई स्वतः. तिला अभिनयाची हौस आहे हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. एकदा बहिरी व्हायची, एकदा गळ्यातली साखळी काढायला तयार नसायची, एकदा विचारायची, "फोटोत माझा स्वभाव दिसेल का?" वहिनी म्हणाली, "त्याला लागतील एवढी किरणं सोडली तर यंत्रच जळेल, आई." सासू-सुनेत असा विनोद मी पहिल्यांदा ऐकला, आणि आईला हसू आलेलंही मी पहिल्यांदा बघितलं. ती लगेच भिंतीकडं वळली, पण मी बघितलं.

वहिनीचं 'सोडा' हळूहळू वेळेवर यायला लागलं. दहातलं एखादं विसरायची. आणि नेमका ह्याच दिवसांत आईला खोकला लागला.

साधा असेल म्हणून आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग तो मुक्कामालाच आला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि चिठ्ठी दिली, छातीचा फोटो काढून आणा, घाबरायचं कारण नाही पण टाळू नका. आईनं चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि म्हणाली, "काढीन. सून पास झाली की तिच्याकडूनच काढीन."

मी डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. दादानं हात जोडले. वहिनी तर पार पांढरी पडली. "आई, माझ्यासाठी थांबू नका. मी पुन्हा नापास झाले तर?" आई म्हणाली, "तर मग नीट अभ्यास कर." पालथ्या घड्यावर पाणी. आता ती परीक्षा नुसती वहिनीची राहिली नव्हती. पलीकडच्या खोलीतून खोकल्याची ढास ऐकू आली की वहिनीचा हात थांबायचा. त्या खोकल्यामागे काय आहे हे तिच्या पास होण्यावर अडकून बसलं होतं, आणि ते तिला झोपू देत नव्हतं.

फेरपरीक्षेच्या सकाळी वहिनी लवकर गेली. ती गेल्यावर आई मला म्हणाली, "रजा टाक. डॉक्टरकडे जायचंय." मला वाटलं, आली बाई शुद्धीवर. मी रजा टाकली. रस्त्यात तिनं इस्पितळाकडे वळायला लावलं, आणि एक्स-रेच्या रांगेत जाऊन ब्लाउजमधली चिठ्ठी बाहेर काढली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परीक्षेला छातीचे पेशंट ह्याच रांगेतून घेतात हे म्हातारीनं वहिनीला विचारून विचारून काढून घेतलं होतं.

आम्ही बाकावर बसलो. आत एकेक विद्यार्थी जाणार, आणि रांगेतला एकेक पेशंट. आमची पाळी आली की आई मागच्या माणसाला म्हणायची, "तुम्ही व्हा पुढं. मला घाई नाही." लोक दुवा देत पुढं जायचे. एक तरुण म्हणाला, "आजी किती प्रेमळ आहेत." मला ठसका लागला. मग दारातून थोडंसं-सरांनी वहिनीचं नाव पुकारलं आणि आमची प्रेमळ आजी टुणकन उठली.

आतलं मला त्या दोघींनी नंतर वेगवेगळं सांगितलं, सरांनीही थोडंसं सांगितलं, त्यावरून जुळवून सांगते. वहिनीनं पेशंटकडं बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षक बाई, त्याच आधीच्या, चिठ्ठीवरचं आडनाव वाचून म्हणाल्या, "ह्या तुमच्या कोण?"

वहिनी खरं तेच बोलली. "सासूबाई."

बाईंनी चष्मा खाली केला. "सासूबाई. मग पेशंट बदलायची गरज नाही. ह्याहून कडक परीक्षक मला मिळणार नाही."

वहिनीनं सुरुवात केली. नाव विचारलं, वय विचारलं. आईनं अनोळखी चेहऱ्यानं सांगितलं. मग वहिनीचा जावयावरचा सराव आडवा आला. पडद्यावर प्रत्येक बाई पेशंटला एक प्रश्न विचारला की गुण मिळायचे, तो तिच्या तोंडून गेलाच. "दिवस गेले असण्याची शक्यता आहे का?"

आई म्हणाली, "आता जरा कठीण वाटतंय."

सर खोकत भिंतीकडं वळले. वहिनीचे कान लाल झाले, पण ह्या हसण्यानं तिचे हात सैल झाले म्हणे. तिनं साखळी काढून घेतली. केसांतली पिन काढली. "पाटी गार लागेल हं आई," म्हणाली. पहिल्या आठवड्यानंतर हे वाक्य तिनं पुन्हा कधी म्हटलं नव्हतं. छाती टेकवली, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे धरून हलकेच पुढं केले. आईला विचारून विचारून सगळं केलं. मग काचेमागे गेली. "मोठा श्वास घ्या. रोखा."

बाहेर दारावरचा लाल दिवा लागला आणि विझला. मी बाकाची कड धरून बसले होते.

आत फोटो पडद्यावर आला. इतके दिवस ज्याला घाबरत होती ते वहिनीच्या समोर होतं. निदान करणं हे डॉक्टरचं काम, तंत्रज्ञाचं नाही, हे तिला पाठ आहे. पण रोज शेकडो छात्या बघितलेल्या तिला एवढं कळत होतं. जिथं काळं हवं तिथं काळं होतं, जिथं पांढरं हवं तिथं पांढरं. कुठंही काही भलतं नव्हतं. ती बघत राहिली. तिचे डोळे भरून आले आणि पडदा दिसेनासा झाला. आणि आई पाटीला टेकून उभी, सगळ्यांकडं पाठ, छातीत खोकला वर चढतोय, श्वास रोखलेला.

किती वेळ गेला ह्यावर आमच्या घरात अजून वाद आहे. आई म्हणते, युग लोटलं. वहिनी म्हणते, पापणी लवायच्या आत. सर म्हणतात, थोडंसंच. परीक्षक बाईंनी पेन उचललं तेवढ्यात वहिनी काचेमागून धावत बाहेर आली आणि म्हणाली, "सोडा, आई. सोडा."

तो खोकला जाड दाराबाहेर मला ऐकू आला. वहिनी तिच्या पाठीवर हात फिरवत तशीच उभी राहिली, फोटोकडं परत बघितलंही नाही. ढास थांबली तेव्हा तिनंच पाणी पाजलं. बाई म्हणाल्या, "उशिराचे गुण कापलेत. पण आज पेशंट परत मिळाला." वहिनी पास झाली. फोटो डॉक्टरांनी बघितला. छातीत जुना कफ, दुसरं काही नाही, गोळ्या घ्या आणि भाव खाणं कमी करा, असं ते म्हणाले. भाव खाण्याचं मी माझ्या पदरचं घातलं.

वहिनी घरी आली आणि आईच्या पाया पडायला वाकली. आई म्हणाली, "पास झालीस? मग त्यात काय?" दादा हसला, वहिनीही हसली, डोळे पुसत आत गेली.

मी आईजवळ बसले. मला राहवलं नाही. "आई, तुझी तर सगळ्यांकडं पाठ होती. हळूच सोडला असतास श्वास. तिचा उशीरही झाकला गेला असता, तुझे हालही झाले नसते. कुणाला कळलं असतं?"

आईनं गोळ्यांच्या चिठ्ठीची घडी पुन्हा घातली, सवयीनं.

"तिला कळलं असतं," ती म्हणाली.